साखरेच्या पाण्यातला खडू

त्या दिवशी सकाळी माझे पती सोसायटीचा फळा लिहायला गेले. लिहून झाल्यावर ते फाटकापाशी पडले. वॉचमनने मला हाक मारली. मी गेले. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी ते गेल्याचं सांगितलं. तेव्हा साडेसात वाजले होते.

त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना खडू लागलेला होता. मी तो पाहिला, पण त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. लग्न झाल्यापासून त्या बोटांना खडू लागलेलाच मी पाहत आले होते. घरी आणल्यावर त्यांना अंघोळ घातली, तेव्हा तो धुतला गेला.

बडोद्याच्या कारेलीबागेतली आमची सोसायटी जुनी आहे. चोवीस टेनामेंट, म्हणजे छोटी घरं, एकाला एक लागून, आणि मधून एक गाडी जाईल एवढा रस्ता. फाटकातून आत आलं की डाव्या हाताच्या भिंतीवर गिलावा करून काळा रंग दिलेला एक मोठा चौकोन आहे. तोच आमचा फळा. पाण्याची वेळ, मीटिंग, नवरात्रातल्या आरतीचा क्रम, कुणाच्या घरची कथा, सगळं त्यावर लिहिलं जायचं. निवृत्त झाल्यापासून तो माझे पती लिहीत होते. ते मराठी घरातले, पण सगळी नोकरी गुजराती माध्यमाच्या शाळेत झाली. मराठी पत्र लिहायला बसले की दोन ओळींत कंटाळायचे. गुजराती मात्र असं लिहायचे, की येणारेजाणारे स्कूटर थांबवून वाचत. निदान ते तरी मला तसं सांगायचे.

पुढे सोसायटीचा मोबाइलवर ग्रुप झाला आणि फळ्याची गरज जवळजवळ संपली. आमचे सेक्रेटरी दोनतीनदा म्हणालेही, की ही भिंत रंगवून टाकू, चांगली दिसेल. त्यांचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे आणि नवीन वस्तूंची त्यांना आवड आहे. माझे पती त्यांना विचारायचे, "ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्या नळाला पाणी येत नाही का?" सेक्रेटरी म्हणायचे, "मास्तर, असा माणूस आता राहिलाय कोण?" त्यावर हे हात करून समोरचं घर दाखवायचे.

समोरच्या घरात बा राहतात. त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे असेल. त्या एकट्या असतात. मुलगा परदेशात आहे, तो दर रविवारी फोन करतो. बांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या फोन कानाला लावून सगळ्याला "हा, हा" म्हणतात आणि ठेवून देतात. मोबाइल त्यांना वापरता येत नाही. पण नजर शाबूत आहे. ओसरीतल्या हिंचक्यावर बसलं की फळा बरोबर समोर येतो. सकाळी दिवाबत्ती झाली की त्या हिंचक्यावर येतात आणि फळा वाचतात. माझे पती तो रोज लिहायचे ते बऱ्याच अंशी त्या एका वाचकासाठी.

फळा लिहिण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी ओलं फडकं, वरून खाली. मग कोरडं. मग भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, तोवर वॉचमनशी गप्पा मारायच्या. आणि सूचना महत्त्वाची असेल तर साधा खडू चालायचा नाही. सोसायटीतली मुलं शाळेत जाताना भिंतीवरून हात ओढत जातात, अर्धी अक्षरं त्यांच्या हाताला लागून जातात. म्हणून ते आदल्या रात्री वाटीत साखरेचं पाणी करून त्यात खडू भिजत घालायचे. तसा खडू पांढराशुभ्र उमटतो आणि वाळला की हाताने पुसला जात नाही. माझ्या साखरेच्या डब्यात त्यामुळे नेहमी खडूची पूड असे.

"चहात खडू आलाय," मी म्हणायचे.

"कॅल्शियम आहे. या वयात लागतं."

"डबा वेगळा ठेवा तुमचा."

"खडूची साखर वेगळी आणि चहाची वेगळी, असं दुकानदाराला सांगू का?"

त्या शेवटच्या सकाळचा खडू साखरेत भिजवलेला होता. सूचना पाण्याची होती. 'काले सवारे पाणी साडा पांच वागे आवशे. भरी राखजो.' उद्या सकाळी पाणी साडेपाचला येईल, भरून ठेवा. रोज पाणी सहाला येतं. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच साडेपाचला आलं. मी जागी होते, पण मला नळाचा आवाज ऐकू आला नाही. शेजारच्या बाईंनी मागच्या दाराने येऊन आमची पिंपं भरली आणि काही न बोलता त्या गेल्या.

आम्ही बडोद्याचे मराठी लोक तेरावं करतो आणि बेसणंही ठेवतो. बेसणं म्हणजे दोन तास पांढऱ्या चादरीवर बसणं. लोक येतात, हात जोडतात, थोडं बसतात आणि जातात. सोसायटीतल्या प्रत्येक बेसण्याची सूचना माझ्या पतींनी लिहिली होती. त्यांच्या स्वतःच्या बेसण्याची सूचना फळ्यावर लागली नाही. कुणीतरी पुठ्ठ्यावर पेनने लिहून तो फाटकाला सुतळीने बांधला. हे मला नंतर आठवलं. त्या दिवशी मी फाटकाकडे पाहिलं नव्हतं.

फळा मी पाहिला तो पंधराव्या दिवशी, मुलगा पुण्याला परत जायला निघाला तेव्हा. त्याची बॅग रिक्षात ठेवून झाली, रिक्षा वळली आणि माझ्यासमोर भिंत आली. दोन ओळी जशाच्या तशा होत्या. 'आवशे' या शब्दाच्या शेवटी त्यांनी रेघ जरा लांब ओढली होती. ओळ संपली की हात उचलताना त्यांची तशी सवय होती. मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. वॉचमनने प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली, त्यावर मी बसले.

त्यानंतर मी रोज सकाळी दुधाच्या पिशव्या आणण्याच्या निमित्ताने फाटकापर्यंत जाऊ लागले. घरात त्यांच्या हातचं पुष्कळ होतं. वह्या होत्या, बँकेचे फॉर्म होते, वाणसामानाच्या याद्या होत्या. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं कार्ड लिहिली आहेत. लिहिलेल्या कागदाचं मोल मला कळतं. पण ते सगळं कधीतरी लिहिलेलं होतं. या दोन ओळी लिहून त्यांनी खडू खिशात टाकला आणि पाच पावलं चालले. त्या ओळी गेल्या की त्या सकाळचं माझ्याकडे काही उरणार नव्हतं.

मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, फोटो काढून ठेव ना. मग पुसलं तरी चालेल."

मी फोटो काढला. तो माझ्या फोनमध्ये आहे. पण भिंतीवर सकाळी मुंग्या यायच्या. साखरेमुळे त्या अक्षरांवरून चालायच्या, 'पाणी'च्या काठाने वर जायच्या आणि खाली उतरायच्या. फोटोत मुंग्या येत नाहीत. मुलाला मी एवढंच म्हटलं, "काढला."

मला भीती होती ती सेक्रेटरींची. त्यांना ती भिंत रंगवायची होती हे मला ठाऊक होतं, आणि आता त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. उन्हाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी ते दारात आले. सोबत पत्नी नव्हती, हातात टेप होती, मोजमापाची.

"भाभी, जरा फळ्याचं बोलायचं होतं."

मी आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोलले नाही. त्या दिवशीही चढवला नाही. पण म्हटलं, "फळ्याला हात लावायचा नाही. ते असते तर तुम्ही टेप घेऊन आला नसतात."

ते म्हणाले, "भाभी, ऐका तर."

मी दार लावून घेतलं. आतून कडी घातली. जिन्याच्या पायरीवर बसले. दाराबाहेर ते थोडा वेळ उभे होते. मग चपलांचा आवाज लांब गेला.

आठवड्याने फळ्यावर पत्र्याची एक पट्टी आली. भिंतीच्या माथ्यावर लोखंडी पट्ट्यांनी बसवलेली, हातभर पुढे आलेली. पाऊस सुरू झाला तेव्हा भिंत भिजली, फळा भिजला नाही. त्या वर्षी विश्वामित्री नदीचा पूर आमच्या गल्लीपर्यंत आला नाही, याबद्दल मी देवाला हात जोडले. पत्र्याबद्दल कुणाला काही विचारलं नाही. वॉचमनने बसवला असेल असं धरून चालले. दिवाळीच्या आधी कंपाउंडला रंग लावला. रंगारी आले त्या दिवशी मी खिडकीतून हलले नाही. त्यांनी फळ्यावर वर्तमानपत्राचे कागद टांगले, कडेने रंग लावला आणि संध्याकाळी कागद काढून घेऊन गेले. मला वाटलं, रंगारी चांगले होते.

लोक फळ्याकडे पाहत नाहीत, म्हणून तो राहिला आहे, असंच मी समजत होते. आज याची लाज वाटते. दु:खात माणसाला दुसऱ्याचं काही दिसत नाही, असं म्हणून मला सुटता येईल. पण मी रोज तिथे जात होते. मला फाटकाला बांधलेले पुठ्ठे दिसत होते, एकावर एक, सुतळीचे जुने तुकडे लोंबकळणारे. मीटिंगचा पुठ्ठा, कथेचा पुठ्ठा, डासांच्या फवारणीचा पुठ्ठा. वाऱ्याने ते उलटे होत. मला ते दिसत होते आणि ते तिथे का आहेत हा प्रश्न मला पडला नाही.

दिवाळीनंतर महिन्याभराने पाण्याची मुख्य लाइन दुरुस्तीला निघाली. दोन दिवस पाणी येणार नव्हतं. ग्रुपवर दोन दिवस आधी निरोप आला. मी वाचला. घरात होती ती सगळी भांडी भरून ठेवली, बादल्या, पातेली, अगदी तांब्याचं घंगाळही. एकट्या बाईला इतकं पाणी कशाला लागतं? पण भरलं.

पाणी बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला दार वाजलं. उघडलं तर बा उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात लहान कळशी. कधी नव्हे तो त्यांचा पदर डोक्यावरून घसरलेला होता.

"बेटा," त्या म्हणाल्या, "अर्धी कळशी पाणी देशील? प्यायला."

आमचं बोलणं गुजरातीत झालं, मी इथे मराठीत लिहिते आहे. मी त्यांना आत घेऊन बसवलं. पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी एका दमात रिकामा केला. दुसरा दिला, तोही. मग त्यांनी पदर सारखा केला.

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "बा, पाणी भरून नव्हतं ठेवलं?"

"एक माठ होता. काल पुरला. सकाळपासून नाही."

"दोन दिवस पाणी नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात तक्रार नव्हती. मी अगदी साधी गोष्ट विचारली होती आणि त्यांनी साधं उत्तर दिलं.

"पाटिया पर तो नहोतुं."

फळ्यावर तर नव्हतं.

त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा, कारण त्यांनी माझा हात धरला आणि थोपटला. "तू मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मास्तरांचं अक्षर आहे. कोण पुसणार?"

"तुम्ही अजून वाचता?"

"रोज. तेच आहे हे माहीत असतं. तरी वाचते. एवढी वर्षं मास्तरांनी माझ्यासाठी लिहिलं, मला दोन ओळी परत परत वाचायला काय होतंय?" मग त्या जरा हसल्या. "सुरुवातीला चारपाच दिवस साडेपाचला उठून नळ सोडून बसत होते. मग लक्षात आलं, की ही सूचना आता पाण्याची नाही."

मी त्यांची कळशी भरली, शिवाय दोन बादल्या वॉचमनला घेऊन यायला सांगितल्या. त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून घरी सोडलं. त्यांचं स्वयंपाकघर कोरडं होतं. ओट्यावर सकाळची एक वाटी खाकऱ्याचा चुरा तसाच होता, पाण्यावाचून घशाखाली उतरला नसेल. मी खिचडी टाकून दिली. त्या हिंचक्यावर बसून होत्या. परत येताना मी फळ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी सेक्रेटरींच्या घरी गेले. सोसायटीतल्या कुणाच्या घरी मी स्वतःहून जाण्याची ती कितवी वेळ, हे एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. ती कामं माझ्या पतींची होती. ते जायचे, बसायचे, भांडायचे, चहा घेऊन यायचे. मी घरी पुस्तक घेऊन बसायचे.

सेक्रेटरी ओसरीत बसले होते. मला पाहून उठले. त्यांच्या पत्नीने पाण्याचा पेला आणला, आणि त्या दिवशी तो हातात घेताना मला जड वाटला.

"बांना पाणी नव्हतं," मी म्हटलं. "आज सकाळपासून."

ते खाली बसले. "मला वाटलं त्यांचे शेजारी सांगतील. त्यांना वाटलं असेल मी सांगेन."

"मला तर तेवढंही वाटलं नाही. मी फक्त माझी भांडी भरली."

मग मीच म्हटलं, "फळा उद्या पुसायचा आहे. तुम्हाला विचारायला आले."

"मला कशाला विचारता भाभी? तुम्ही दार लावून घेतलंत ना, तेव्हा मी घरी येऊन हिला म्हटलं, मास्तर गेले, पण त्यांचं भांडण त्या घरात अजून आहे." त्यांच्या पत्नीने डोळे मोठे केले, पण ते थांबले नाहीत. "पत्र्याचं माप घ्यायचं होतं मला. पावसाच्या आधी. एवढंच विचारायला आलो होतो, की वर बसवू की बाजूलाही लावू."

"पत्रा तुम्ही बसवलात?"

"मग काय मुंग्यांनी बसवला?"

मी खाली पाहत राहिले. मग विचारलं, "फळा पुसायचा नाही, असं कुणी ठरवलं होतं?"

"ठरवलं कुणीच नाही. त्यांचं बेसणं लिहायचं होतं. लिहिणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मीच ओलं फडकं घेऊन गेलो. उभा राहिलो थोडा वेळ. मग घरी आलो आणि पुठ्ठा शोधला. त्यानंतर ज्याला लिहायचं असेल तो पुठ्ठाच आणायला लागला. रंगाऱ्यांना सांगितलं होतं, त्या चौकोनावर थेंब पडला तर पैसे मिळणार नाहीत. बस, एवढंच. पण भाभी, एक सांगतो. मास्तर असते ना, तर पहिल्याच दिवशी मला ओरडले असते. म्हणाले असते, बांनी पुठ्ठा कसा वाचायचा?"

हे खरं होतं. त्यांनी असंच म्हटलं असतं, अगदी याच शब्दांत. दहा महिने चोवीस घरांनी माझं दु:ख सांभाळलं होतं आणि ते मला कळू दिलं नव्हतं. त्याची झळ एकट्या बांना लागली, आणि त्यांनीही ती कळू दिली नव्हती. मला आभार मानता येत नव्हते. आमच्याकडे शेजाऱ्यांचे आभार मानण्याची रीतच नाही, तसे शब्द तोंडातून काढले तर समोरचा माणूस ओशाळतो. मी पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि उठले.

"उद्या पाणी आलं की," मी म्हटलं.

"मी येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहाला पाणी आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ. मी बादलीभर पाणी कोमट केलं, कारण साखर थंड पाण्याने निघत नाही. दोन फडकी घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची ती वाटी अजून होती, तळाशी साखर वाळून घट्ट झालेली आणि तिच्यात सात खडू चिकटलेले. दहा महिने मी ती वाटी घासली नव्हती. तीही घेतली.

सेक्रेटरी फाटकापाशी उभे होते. त्यांनी माझ्या हातातून बादली घेतली.

"भाभी, मी पुसू?"

"नको."

"मग मी धरून उभा राहतो."

ते बादली धरून उभे राहिले, खाली ठेवली असती तरी चाललं असतं. मी त्या दोन ओळी एकदा वाचल्या. मग वरून खाली पुसायला सुरुवात केली, त्यांच्या पद्धतीप्रमाणे. पहिल्यांदा काहीच गेलं नाही. अक्षरं ओली होऊन उलट जास्त पांढरी दिसली. दुसऱ्यांदा कडा विरघळल्या. तिसऱ्यांदा जोर लावावा लागला. पांढरं पाणी भिंतीवरून ओघळलं, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. 'आवशे'ची ती लांब रेघ सर्वांत शेवटी गेली. दुसरी ओळ लहान होती, ती लवकर गेली. कामावर निघालेल्या एकाने स्कूटर बंद केली आणि तो तसाच बसून राहिला. फडकं मी बादलीत पिळलं. पाण्याला दुधासारखा रंग आला होता.

कोरडं फडकं फिरवून मी भिंत वाळायची वाट पाहत उभी राहिले. हा वेळ ते वॉचमनशी गप्पा मारण्यात घालवायचे. मला काय बोलावं ते सुचेना. शेवटी मी वॉचमनला विचारलं, "गावाकडे सगळे बरे आहेत का?" तो इतका चकित झाला की आधी नुसतीच मान हलवली, आणि मग आईच्या गुडघ्यांबद्दल सांगत राहिला.

भिंत वाळली. मी वाटीतून एक खडू सोडवून घेतला आणि लिहिलं, की दुरुस्ती पूर्ण झाली आहे, आजपासून पाणी रोजच्या वेळी येईल. मला गुजराती वाचायची सवय आहे, लिहायची नाही. प्रत्येक अक्षर आठवून काढावं लागलं. दोन ओळी लिहायला दहा मिनिटं लागली. मागे सरकून पाहिलं. बरं दिसत होतं. ग्रंथालयाच्या कार्डावर शोभेल असं, नीट, एका ओळीत.

समोरून हाक आली. बा हिंचक्यावरून पुढे वाकल्या होत्या, कपाळावर हात धरून.

"झीणुं छे," त्या म्हणाल्या. बारीक आहे. "मोटा अक्षरे लख."

ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात. ते सगळ्या सोसायटीने ऐकलं. सेक्रेटरी भिंतीकडे पाहत मिशीत हसले. तीस वर्षं मी बोटाएवढ्या जागेत पुस्तकाचं नाव, लेखक, साल बसवत आले. मोठं लिहायला हात खांद्यापासून हलवावा लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी फडकं परत भिजवलं आणि माझं लिहिलेलं पुसलं. ते एका फटक्यात गेलं, साखर अजून मुरली नव्हती. मग वितीएवढं एकेक अक्षर काढलं. ओळ वर गेली, खाली आली. शेवटचा शब्द बसेना, तो खालच्या ओळीत घेतला. बांकडे वळून पाहिलं. त्या ओठ हलवत वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी पायाने हिंचक्याला झोका दिला आणि आत जाण्यासाठी काठी शोधली.

घरी येऊन मी हात धुतले. अंगठ्याला आणि दोन बोटांना खडू लागला होता.

या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं. गेल्या महिन्यात सोसायटीत एक बेसणं झालं, त्याची सूचना मी लिहिली. त्या घरची मुलगी येऊन माझ्याजवळ उभी राहिली होती, म्हणून मी सावकाश लिहिलं. ते सात खडू केव्हाच संपले. नवे मी दुकानातून आणते आणि महत्त्वाचं काही असेल तर आदल्या रात्री त्याच वाटीत भिजत घालते. साखरेच्या डब्यात पूड पडते. पत्रा जागेवर आहे. फोनमधला फोटो मी फारसा उघडत नाही. सकाळी सव्वासहाला मी फळा पुसते, वाळू देते आणि लिहिते. साडेसहाला बा हिंचक्यावर येऊन तो वाचतात.